दूरदृष्टी आणि चाळिशी



मराठीत ‘दूरदृष्टी’ हा मोठा गुण. नेत्रविज्ञानात मात्र ‘दूरदृष्टिता’ हा दोष आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तिथे त्याला सरळ ‘दूरदृष्टि दोष’च म्हणत. बोलण्यात नावाचा घोळ चालून जातो. वैद्यकीय कागदावर संकेतांकाचा घोळ चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (मंजुरी १९९०) दूरदृष्टितेला एच ५२.०, निकटदृष्टितेला एच ५२.१ आणि आपल्या चाळिशीला एच ५२.४ असा संकेतांक आहे. अमेरिकेतील पद्धतीत दूरदृष्टितेपुढे आणखी एक अंक लागतो : उजवा डोळा १, डावा २, दोन्ही ३. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिचे संकेतांक वेगळे आहेत. म्हणून कागदावर आवृत्तीही पाहावी.

दूरदृष्टिता आणि चाळिशी या दोन्हींत जवळचे धूसर दिसते, दोन्हींत ‘प्लस’ नंबर लागतो. गल्लत होते ती इथेच. दूरदृष्टितेत बहुधा नेत्रगोल आखूड असतो. ती लहानपणीच असू शकते. चाळिशीत वयाबरोबर भिंगाची लवचीकता कमी होते. आमच्या नाकावर आहे ती चाळिशी!

आमच्या चौथीतल्या एका मुलाचे वाचताना डोके दुखे, ओळी सुटत. ‘अभ्यासाचा कंटाळा’ असे सगळे म्हणत, कारण भिंतीवरचा तक्ता तो धडाधड वाची. लहान मुलांचे डोळे ताण देऊन दोष झाकतात. डॉक्टरांनी थेंब घालून तपासले, तेव्हा खरा नंबर कळला. पण हाती आलेल्या कार्डावर संकेतांक होता एच ५२.४. नऊ वर्षांच्या मुलाला चाळिशी! त्याच्या वडिलांनी विचारले म्हणून तो दुरुस्त झाला.

हा नुसता कारकुनी प्रश्न नव्हे. मुलांमधील जास्त दूरदृष्टितेकडे दुर्लक्ष झाले तर डोळा तिरळा किंवा मंद होऊ शकतो. पुढच्या डॉक्टरांना हा धोका कागदावरूनच कळायचा असतो.

तेव्हा पालकांना आमची विनंती : कार्ड फाइलमध्ये ठेवण्यापूर्वी दोषाचे नाव, डोळा आणि संकेतांक डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि मूल पुस्तक टाळत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.