पोत

मोहरी आणि मणी या दोन वस्तू सांडल्या, की घराचे खरे कानेकोपरे कळतात. मोहरीचे एक बरे असते. ती केरात गेली तरी कुणी हळहळत नाही. मणी मात्र सारवलेल्या जमिनीच्या भेगांतून दाभणाने उकरून काढावे लागतात. पिंपळगाव बसवंतच्या आमच्या जुन्या घरात हे काम आम्हां पोरांकडे असे, आणि ते लावणारी असे आत्या.

आत्या बारीक मण्यांचे विणकाम करी. आमच्याकडे या मण्यांना पोत म्हणत. (मोठा गमतीचा शब्द आहे हा. लुगड्याचा पोत वेगळा, देवीपुढे नाचवायचा पेटता पोत वेगळा आणि गळ्यातली काळी पोत वेगळी. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने या एका शब्दापाशी आठवडाभर मुक्काम करावा.) सुया, बिब्बे आणि पोत विकणारी बाई दारावर येई, तिच्या टोपलीत दोऱ्यात ओवलेल्या सरांच्या जुड्या असत. एके काळी असे मणी व्हेनिसहून आणि बोहेमियातून जहाजाने आपल्याकडे येत. आता जपानचेही मिळतात. ते इतके एकसारखे असतात, की त्यांत निवडण्याची मजा उरत नाही. त्यांच्या नंबरांचा हिशेबही उलटा आहे. नंबर वाढेल तसा मणी लहान. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा.

गळ्यातला बटवा या अकरा नंबरच्या मण्यांचा होतो. जुन्या वहीचा पुठ्ठा गुंडाळून अंगठ्याएवढी जाड नळी करायची. दोरा मेणाच्या खड्यावरून ओढून घ्यायचा, म्हणजे तो पिंजत नाही. चाळीस मणी ओवून त्यांचे कडे नळीवर बसवायचे. मग एक मणी घ्यायचा, कड्यातला एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. असे केले, की प्रत्येक नवा मणी खालच्या दोन मण्यांमधल्या खाचेत बसतो, भिंतीत वीट बसते तसा. एका फेरीत वीस मणी. फेरी पुरी झाली, की तिच्या पहिल्या मण्यातून सुई पुन्हा एकदा वर काढायची, तेव्हाच पुढची फेरी सुरू होते. आत्या याला ‘पायरी चढणे’ म्हणे. “पायरी चढलीस का गं?” हा तिचा प्रश्न मला अजून कानाशी ऐकू येतो. शेहेचाळीस फेऱ्या झाल्या, की दोन इंचांचा बटवा होतो. नऊशे साठ मणी! तळ शिवताना दोन्ही बाजूंचे मणी एकमेकांत बसवायचे, दोन हातांची बोटे गुंतवावीत तसे. झालर लावायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न. मला स्वतःला झालर आवडत नाही. ती पदरात अडकते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बटव्यात मावते तरी काय? आत्याच्या बटव्यात पेटीची किल्ली असे.

आत्या तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली होती. पंचक्रोशीतल्या किती मुलींच्या रुखवतातली मण्यांची तोरणे, पोपट, ताटावरची झाकणे तिच्या हातची होती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लग्नाला आलेल्या बायका ती उचलून बघत, वाखाणत. हळदीच्या वेळी मात्र आत्या मागच्या खोलीत गहू निवडत बसलेली असे. तिला कुणी ‘जा’ म्हणत नसे. कुणी ‘ये’ही म्हणत नसे. १९७४ साली माझे लग्न झाले, तेव्हाही असेच झाले.

तिच्या बटव्याचा काठ काळ्या मण्यांचा होता. बाकीचा सगळा हिरवा. एकदा मी सहज विचारले, “आत्या, एवढे काळे मणी कुठून आणलेस गं?”

“आणते कुठून? माझेच हायेत ते,” ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. “सोनं सासरच्यांनी मागून घेतलं. काच कोणी मागितली नाही.”

आजीला हे ठाऊक असावे. ती एवढेच म्हणे, “पदराआड ठेव.” आणि आत्या ठेवी. आपल्याकडे मंगळसूत्र तुटले असे म्हणत नाहीत, ‘वाढले’ म्हणतात. एवढी जपणूक आपण त्या दोऱ्याची करतो!

खरे तर मणी टिकतो आणि दोरा जातो. प्रवरेकाठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले. तिथल्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका दफनात लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी सापडले, आणि त्या तांब्यामुळे मण्यांतला दोराही वाचला होता. रेशीम आणि कापूस यांचा दोरा. हे वाचल्यावर माझ्या मनात त्या मण्यांपेक्षा ते ओवणाऱ्या बाईचा विचार अधिक वेळ राहिला. तिचा हिशेब तिच्या लोकांनी कसा ठेवला असेल?

४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की गावात विधवेचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. परिपत्रक गावात येते. ते ओटा ओलांडून माजघरात यायला वेळ लागतो. माझी पुतणी दोन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिने पोत काढली नाही. गेल्या उन्हाळ्यात घरच्या हळदीला तिच्या जावेने तिला हात धरून पुढे नेले, तेव्हा दोन म्हाताऱ्या उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांपैकी एक माझ्याहून लहान आहे.

परवा पुतणी म्हणाली, “आत्या, मोठ्या आत्यांसारखा बटवा मला करून द्या. काठ काळाच ठेवा.” मी विचारले, लांबी केवढी ठेवू? ती म्हणाली, “दिसेल एवढी.”

माझी आता तेविसावी फेरी चालू आहे. डोळे पूर्वीसारखे नाहीत. दुपारी खिडकीशी बसून होते तेवढेच. आग्रा रोडवरून जड ट्रक गेला, की ताटलीतले मणी हलतात आणि हिरव्यांत काळे मिसळतात. मग पुन्हा निवडायचे. काळे कमी पडतील असे दिसते. कासाराकडे निरोप पाठवला आहे.