मिठाला जागणारे

आपल्याकडे मिठाला मान मोठा. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण मुलांना सांगतो, आणि मिठाचे प्रमाण जमले की लोणचे वर्षभर टिकते हे घरोघरी ठाऊक असते. मीठ जंतूंच्या अंगातले पाणी ओढून घेते आणि त्यांचा कारभार आटोपतो. पण सृष्टीला अपवादांची भारी हौस! ज्यांना मिठावाचून करमतच नाही असेही जीव तिने करून ठेवले आहेत.

उन्हाळ्यात मिठागरातले पाणी दाट होत आले, की काही वाफे गुलाबी, तांबूस दिसू लागतात. 2020 च्या जूनमध्ये तर लोणारचे खारे सरोवरच गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासले, तेव्हा हा रंग मीठप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचे दिसून आले. 'मृत' म्हणविणाऱ्या समुद्रातसुद्धा असे जीव नांदतात, हे 1936 सालीच प्रसिद्ध झाले होते.

या खारट संसारात निभावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ड्युनालिएला नावाचे एक शेवाळ मिठाला आत येऊ देत नाही. बाहेरचा खारेपणा तोलण्यासाठी ते आपल्या पेशीत ग्लिसरीन साठवते. बाहेर खारट, आत गोड! गृहस्थाश्रमाला शोभणारी युक्ती, पण खर्चाची. ग्लिसरीनचा कण न् कण सूर्यप्रकाशाच्या कमाईतून घडवावा लागतो.

दुसरी तऱ्हा हॅलोबॅक्टेरियमची. तो सोडियमला उंबऱ्याबाहेर ढकलतो, पण त्याच्या जागी पोटॅशियमचे क्षार भरून घेतो. बाहेर जितके खारे, जवळजवळ तितकेच आत. तऱ्हा स्वस्त खरी, पण तिच्यासाठी सारी प्रथिनेच निराळ्या घडणीची करावी लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार दाटलेले असतात, आणि त्यांच्या बळावर ती त्या खारात पाणी धरून ठेवतात. दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू थोडा. तो कमी पडला, की हा जीव जांभळ्या रंगद्रव्याने ऊन टिपून त्यावर गुजराण करतो. हे द्रव्य 1971 साली ओळखले गेले. आपल्या डोळ्यांतल्या प्रकाशग्राही द्रव्याशी त्याचे जवळचे साम्य आहे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हॅलोबॅक्टेरियम खुशीत असतो तो 200 ते 250 ग्रॅम मिठात. त्याला गोड्या पाण्यात सोडा: मिठाचा आधार सुटतो, ते ऋण भार एकमेकांना दूर लोटतात, प्रथिनांची घडी विसकटते आणि पेशी फुटून जाते. ज्या पाण्याला आपण जीवन म्हणतो, ते त्याचा जीव घेते.

हे वाचले आणि मला पेणजवळची माझी आत्या आठवली. तिचे यजमान मिठागरावर मुकादम होते. ते लवकर गेले. आत्याने तीन मुलगे वाढवले ते उन्हात, कर्जात आणि भांडणांत. आता थोरल्याचा पुण्यात प्रशस्त फ्लॅट आहे. गेल्या वर्षी त्याने तिला मोठ्या हौसेने नेले. सून गुणी, नातवंडे लाघवी. आत्याला काम म्हणून कोणी करू देईना. दोन महिन्यांत ती निम्मी झाली. "पाणी गोड आहे रे तुमचं," ती मला म्हणाली, "पण जीव रमत नाही." शेवटी ती गावी परतली, आणि आठ दिवसांत तिचा आवाज पुन्हा चार घरे पलीकडे ऐकू येऊ लागला.

आता ती पंचाहत्तरीला आली आहे, गुडघे दुखतात, रात्री घरात एकटी असते. दिवाळीनंतर तिला कायमची आणायची असे मुलांनी ठरवले आहे, आणि तिचे मन वळवायचे काम माझ्याकडे आले आहे. मुलांची काळजी खोटी नाही. माणूस म्हणजे काही सूक्ष्म जीव नव्हे, हेही मला कळते. तरी हल्ली शब्द ओठांवर येऊन थांबतात. काही माणसे कष्टांना नुसती तोंड देत नाहीत; ती त्यांच्याच आधाराने उभी राहिलेली असतात. तो आधार एकदम काढून घेणे, याला सुख म्हणावे का?

भाऊबीजेला मी पेणला जाणार आहे. आत्याला काही पटवून द्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. तिला नुसते विचारायचे: तुझ्यापाशी रात्री सोबतीला कोण आलेले तुला चालेल?