तारण

घरात साप निघाला तर रात्री त्याचे नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. आमच्या घरात नऊ वर्षे 'तारण' या शब्दाची तीच गत होती. मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता: कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू.

खालापूर तालुक्यात आमची दीड एकर भातजमीन होती. सातबारा वडिलांच्या नावावर. धाकट्या भावाला ट्रकचा धंदा करायचा होता. त्याने वडिलांची सही घेतली आणि जमीन एका सावकाराकडे तारण ठेवली. ट्रक दोन पावसाळे चालला. तिसऱ्या पावसाळ्यात ट्रकही गेला आणि जमीनही गेली. जिथे आई गुडघाभर चिखलात लावणी करायची, तिथे आज मुंबईच्या कुणाचा तरी बंगला आहे, पोहायचा तलाव आहे. भाऊ तोंड चुकवून पुण्याकडे निघून गेला. वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. त्यांचे आजारपण, आईचे म्हातारपण, घरखर्च, सारे माझ्यावर आले. मी ते निभावले. आणि निभावताना पै-पैचा हिशेब मनाच्या वहीत लिहून ठेवला.

आमच्या शेजारी सिस्टरबाई राहतात. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती बाई. वय ऐंशीच्या पुढे. दिवाळीत आमचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाते, नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे येतात. एका संध्याकाळी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली, म्हणून त्यांनी मला बायबलातले चार शब्द वाचून दाखवायला सांगितले. वाचता वाचता तो शब्द आला आणि मी थबकलो.

"काय झालं, गुरुजी?"

"हा शब्द आमच्याकडे निराळ्या अर्थानं वापरतात, बाई."

"ठाऊक आहे मला," त्या हळूच म्हणाल्या. चाळीत कुणाचे काय लपते! "पण अर्थ तितका निराळा नाही हो. माणूस गहाण पडलाय, आणि स्वतःला सोडवून घ्यायची त्याची ऐपत नाही. सोडवणाऱ्यानं पदरचं भरून त्याला सोडवलं. आमचं शुभवर्तमान म्हणजे एवढंच."

मग त्यांनी मला ते समजावून सांगितले. येशूने वधस्तंभावर प्राण दिला तो माणसांच्या पापाचे ऋण फेडण्यासाठी. तिसऱ्या दिवशी तो उठला. माणसाने आपले चुकले हे कबूल करून मागे वळायचे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि तारण दान म्हणून घ्यायचे. विकत घ्यायचे नाही.

"आणि सत्कर्मं?" मी शिक्षकी बाण्याने विचारले.

"ती करायचीच. पण किंमत म्हणून नव्हे. आंब्याला आंबे लागतात ते तो आंबा आहे म्हणून. आंबा होण्यासाठी नव्हे."

बाईंची आजी दुष्काळातले पोर. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन उभारले, तिथे ती वाढली. त्यामुळे रमाबाईंचा विषय निघाला की बाई घरच्या माणसाविषयी बोलावे तशा बोलतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षे लागली. एवढी विदुषी; पण जे नुसता हात पुढे करून घ्यायचे, ते घ्यायला तिलाही इतका काळ लागला!

रेव्हरंड टिळकांना ते पुस्तक आगगाडीत भेटले. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका परक्या गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून फरफटत गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, सोवळे पाळत राहिल्या; आणि स्वतःच्या बुद्धीला पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच घरातली दोन माणसे. पण दोघांची घटिका निराळी.

हे सारे मला आवडले. खटकले ते पुढचेच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर एक चोर होता. शेवटच्या घटकेला त्याने नुसती आठवण ठेवण्याची विनवणी केली आणि त्याला स्वर्गाचे वचन मिळाले!

"हा कुठला न्याय, बाई?" मी उसळून म्हणालो. "मग जन्मभर सरळ वागलेल्यानं काय मिळवलं?"

बाई हसल्या. त्यांनी मला लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढायला लावला. उधळ्या पुत्राची गोष्ट मी ऐकली होती. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उधळतो, डुकरांमागे फिरतो, शेवटी लाजत घरी येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. माझ्या आठवणीतली गोष्ट इथेच संपत होती. पण ती इथे संपत नाही. थोरला भाऊ शेतावरून येतो, घरातला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, गड्याला विचारतो आणि रागाने अंगणातच उभा राहतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो.

"मग तो आत गेला का?" मी विचारले.

"ते येशूनं सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "ते ऐकणाऱ्यावर सोडलंय."

गेल्या दिवाळीची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी उटणे आणि पणत्या घेऊन मी बाजारातून परतत होतो. चाळीच्या तोंडाशी शेजारचे पोर धावत आले. "गुरुजी, तुमचे भाऊ आलेत! आजी चकल्या तळतेय!" मला न सांगता आईने त्याला निरोप धाडला होता. दारात आकाशकंदील लागला होता. आतून त्याचे हसणे ऐकू आले. नऊ वर्षांत ते हसणे बदलले नव्हते.

मी तसाच मागे फिरलो आणि स्टेशनावर जाऊन बसलो.

पुण्याकडची गाडी लागली होती. उतारू वड्यांसाठी धावत होते. शेवटच्या डब्यामागे नेहमीप्रमाणे जादा इंजिने जोडली जात होती. हा बोरघाट, सदतीस फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाला एवढी गाडी एकट्याने ओढवत नाही. कर्जतला मागून जोड मिळतो आणि लोणावळ्याला तो सुटतो. धाडकन धक्का बसला, गाडी हलली. खिडकीतली माणसे वडे खात होती. मागून कोण ढकलते आहे, याची त्यांना दादही नव्हती. मी हे शेकडो वेळा पाहिले होते. पण आपणही त्या डब्यातलेच उतारू आहोत, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मला कुणी तरी विश्वासाने वर्गावर उभे केले होते. वडिलांच्या अखेरच्या आजारात सिस्टरबाई रात्र-रात्र उशाशी बसल्या होत्या. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. आई स्वतः अर्धपोटी राहून आम्हां दोघांना वाढीत होती. थोरला म्हणून मला थोडे अधिकच. माझ्या वहीत मी दिलेले सारे लिहिले होते. मिळालेल्याची बाजू कोरी होती. भावाने जमीन गहाण टाकली हे खरे; पण त्या वहीपाशी गहाण पडलो होतो तो मी.

मी घरी गेलो. भाऊ उंबऱ्याशी उठून उभा राहिला. केस पार पांढरे झाले होते. "दादा, ती जमीन..." त्याला पुढे बोलवेना.

नऊ वर्षे घोकून ठेवलेली वाक्ये माझ्या ओठांवर होती. "चहा घेतलास का?" एवढेच बाहेर पडले. ते कुणी वदवले, कोण जाणे.

नाताळच्या करंज्या घेऊन बाई आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "काय गुरुजी, थोरला आत गेला म्हणे?"

"गेला, बाई. पण उंबऱ्याला जोराची ठेच लागली."

जमीन काही परत आली नाही, यायचीही नाही. मी ख्रिस्ती झालो नाही. माझ्या देवघरात विठोबाच आहे. पण तो शब्द आता आमच्या घरात उच्चारता येतो. त्या नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने आम्हां दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवले आणि तेलाची वाटी घेऊन ती आधी धाकट्याच्या मागे गेली. मला राग आला नाही. म्हणजे, थोडासा आला. मग तिचा तेलकट हात माझ्या डोक्यावरून फिरला आणि मी डोळे मिटून घेतले.