अर्धापूरचा रथकार

नांदेडहून हिंगोलीच्या सडकेनें निघालें, कीं थोड्याच वेळांत केळीच्या बागा दिसूं लागतात आणि अर्धापूर जवळ आल्याचें कळतें. प्रवासी येथील केळ्यांची वाखाणणी करून पुढें जातात. आम्ही मात्र तेथें उतरलों, तें एका वृद्ध सुताराचें काम पाहण्याकरितां. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, हलकी गाडी तो घडवीत होता.

चाकाचे भाग मोजके: मध्यें तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, भोंवतीं पाटे, आणि सर्वांवर लोखंडी धाव. लाकूड बाभळीचें व चांगलें वाळलेलें हवें. नाहीं तर पुढें सांधे खिळखिळे होतात. धाव चाकाच्या घेरापेक्षां जराशी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळांत तापून ती वाढली, कीं चाकावर चढवितात व वर पाणी ओततात. लोखंड आकसतें आणि सारे सांधे करकचून आवळले जातात. धाव फार लहान झाली तर आरे मोडतात; मोठी झाली तर ती वाटेंत निसटते.

"ही 'जराशी' म्हणजे किती?" आम्हीं विचारलें.

"गुरुजी, ते हाताला समजते, सांगता येत नाही."

शर्यतीच्या मोटारींची कथा निराळी नाहीं. इटलींत मोदेना येथें स्कालिएत्तींच्या कारखान्यांत अल्युमिनियमचे पत्रे हातानें ठोकून फेरारी मोटारींचीं अंगें घडवीत. १९६२ ते १९६४ या काळांत '२५० जीटीओ' जातीच्या अवघ्या ३६ मोटारी निघाल्या. इंग्लंडांत माल्व्हर्न येथील मॉर्गन मोटारींत आजहि अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. त्यांची १९०९ ची पहिली मोटार तीन चाकांची होती. ऋभूंनीं घोड्यावांचून चालणारा तीन चाकी रथ घडविल्याचें वर्णन ऋग्वेदांत आहे. वेदांत मोटार शोधणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पण घडविणाऱ्या हाताचा मान त्यावरून दिसतो. त्रैवर्णिकांबाहेरच्या रथकारासहि अग्न्याधानाचा अधिकार आहे, असा मीमांसकांचा निर्णय आम्हीं तरुणपणीं घोकला. परंतु सुताराच्या दारीं बसण्यास साठी उलटावी लागली, याची लाज वाटली.

शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. बैलाचे हाल होऊं नयेत, हें सर्वांस मान्यच आहे. म्हाताराहि म्हणाला, "गाडी हलकी पाहिजे, मग चाबूक कशाला?"

त्याचा मुलगा पुण्यास मोटारींच्या कारखान्यांत यंत्रावर काम करतो. रबरी चाकांमुळें इतर गाड्यांचें कामहि सुटलें आहे. ही 'जराशी' धाव शिकणारें आतां त्याच्यापाशीं कोणी नाहीं. वाचकहो, आपल्या गांवीं असा सुतार उरला असेल, तर या सुटींत मुलांस एक दिवस त्याच्यापाशीं बसवा. पुस्तकांत हें माप सांपडावयाचें नाहीं.