डायनामो काढल्यावर काय बसवायचं?

जुन्या गाडीचा डायनामो थकला की मालकाच्या डोळ्यांपुढे दोनच वाटा येतात. एक तर परदेशातून मूळ नमुन्याचा अल्टरनेटर मागवायचा, किंवा दुकानात असेल त्यातला सगळ्यात जास्त अँपिअरचा उचलायचा. शहापूर-मुरबाड भागात जुनी गाडी वापरणारा माणूस म्हणून माझं मत या दोन्हींहून वेगळं आहे. इथे अल्टरनेटर निवडताना दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. इंजिन स्लो रनिंगला असताना तो किती करंट देतो? आणि बिघडला तर शहापूरचा किंवा मुरबाडचा ऑटो इलेक्ट्रिशियन तो त्याच दिवशी उभा करू शकतो का? बाकी सगळं त्यानंतर. एमजीबीसारखी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार असो, कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी असो की किन्हवली-डोळखांबच्या रस्त्यावर आयुष्य काढलेली महिंद्राची जीप असो, प्रश्न हेच राहतात.

स्लो रनिंगचा मुद्दा आधी का, हे डायनामोच्या रचनेतच आहे. डायनामोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये आणि सगळा करंट कम्युटेटरवरून कार्बन ब्रशमार्फत बाहेर येतो. आर्मेचर जड असल्यामुळे तो फार वेगाने फिरवता येत नाही, म्हणून पुली मोठी ठेवावी लागते. परिणामी इंजिन हळू फिरत असताना चार्जिंग जवळजवळ होतच नाही. अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर वाइंडिंगमध्ये तयार होते, फिरतं ते फक्त फील्ड, आणि ब्रशमधून जातो तोही फील्डचा थोडासा करंट. त्यामुळे पुली लहान ठेवून तो इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरवता येतो आणि गाडी जागेवर उभी असतानाही तो काहीतरी देत राहतो. पावसाळ्याच्या रात्री कसारा घाटात ट्रकांची रांग अडते किंवा टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या धुक्यात गाड्या खोळंबतात, तेव्हा इंजिन हळू चालू असतं, आणि दिवे, वायपर बंद करायची सोय नसते. त्या वेळी डायनामोची गाडी फक्त बॅटरी खात असते.

आता हिशेब मांडू. दोन हेडलाइटचे ६० वॉटचे बल्ब म्हणजे १२० वॉट. मागचे दिवे, नंबर प्लेट, मीटरचे बल्ब मिळून साधारण ३० वॉट, वायपर ५० च्या आसपास, पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल ४०. ही बेरीज २४० वॉट, म्हणजे १४ व्होल्टला सुमारे १७ अँपिअर. ब्रेक दाबला की मागचे २१ वॉटचे दोन बल्ब आणखी ३ अँपिअर घेतात. एमजीबीवर पूर्वी असलेला ल्युकासचा सी-४० डायनामो पुऱ्या वेगात २२ अँपिअर देत असे. कागदावर गणित जेमतेम जुळतं, रस्त्यावर जुळत नाही. १९६७ च्या अखेरीस एमजीबीला कंपनीनेच अल्टरनेटर बसवला. ल्युकासचा १७ एसीआर हा त्या पिढीतला अल्टरनेटर ३६ अँपिअरचा. आपल्या गाडीची गरज २० असेल, तर ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर पुरेसा आहे.

इथे हमखास आक्षेप येतो, की जास्त अँपिअर घेतले तर नुकसान काय? अल्टरनेटर मागणीइतकाच करंट देतो, हे या आक्षेपातलं खरं आहे. पण बॅटरी पार उतरलेली असते तेव्हा मागणीच मोठी असते. जुन्या जीपमध्ये सगळा चार्जिंग करंट डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून फिरून येतो. त्या जुन्या वायरीतून ६०-७० अँपिअर जाऊ लागले तर इन्सुलेशन वितळेल आणि आग लागू शकेल. बेल्टचाही विचार हवा. पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर असतात. ६० अँपिअर काढायचे तर इंजिनाकडून जवळपास २ अश्वशक्ती जाते, आणि बेल्ट घसरला की आधी इंजिन तापतं. शिवाय ज्याने मोठा आकडा छापला, त्याने तो पुऱ्या वेगातला छापलेला असतो. स्लो रनिंगला तो अल्टरनेटर लहानापेक्षा जास्त देईलच असं त्यावरून ठरत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा या भागात जास्त जड आहे. शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ आहे, पण मुरबाडला रेल्वे नाही. धसईच्या किंवा सरळगावच्या पुढे गाडी बंद पडली, तर ती ओढून आणणं हाच मोठा खर्च. मागवलेल्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला तर पार्सल येईपर्यंत गाडी उभी. मारुती ८०० किंवा ओम्नीच्या अल्टरनेटरचे ब्रश, बेअरिंग, डायोड प्लेट कल्याणपर्यंत कुठेही मिळतात आणि ते हाताळलेला कारागीर गावोगाव आहे. म्हणून जुन्या पेट्रोल गाडीसाठी मी तोच सुचवीन. ब्रॅकेट मात्र नीट करून घ्यावं, पुली सरळ रेषेत यावी, आणि चार्जिंगचा दिवा नसेल तर तो बसवावा, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो.

डिझेल जीपला मात्र हा सल्ला लागू नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम तोच पुरवतो. तिथे पंप नसलेला स्वस्त अल्टरनेटर बसवला तर दिवे झकास लागतील, पण भरलेली जीप घाट उतरताना ब्रेक पेडल दगडासारखं लागेल. तिथे पंपासकटच अल्टरनेटर घ्यावा, दुसरा विचार करू नये.

मूळपणा जपणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. गाडी जशी घडली तशी राहावी, ही इच्छा आदराची आहे. फक्त दिवसा, कोरड्या रस्त्यावर, कधीतरी रॅलीपुरती निघणाऱ्या गाडीचा डायनामो रिवाइंड करून ठेवावा. बदल करायचाच असेल तर चेसिसला किंवा ब्लॉकला नवं भोक पाडू नये, आणि काढलेला डायनामो, कटआउट तेल लावून जपावे. काहीजण म्हणतात, एलईडी लावा, लोड कमी होईल, डायनामो टिकेल. लोड कमी होतो हे खरं, पण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी प्रकाश विखुरतो आणि पाऊस-धुक्यात समोर पांढरी भिंत उभी करतो. आणि स्लो रनिंगला डायनामो काहीच देत नाही, ते तसंच राहतं.

शेवटी एक विनंती. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. अर्थ निगेटिव्ह करून घेतल्याशिवाय अल्टरनेटर जोडला तर डायोड लगेच जळतात. अँमीटरला वळसा घालून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूज असलेली जाड वायर टाका, आणि अँमीटरऐवजी व्होल्टमीटर लावा. हेडलाइट आणि वायपर चालू असताना, इंजिन हळू फिरत असताना बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर दिसले, तरच कारागिराचे पैसे द्या.