आम्ही आणि देवमासा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. खारं पाणी मात्र आहे. उल्का आदळून लोणारला जे सरोवर झालं, त्याचं पाणी असं की त्यात मासा जगत नाही. त्यामुळे एलएफसीचा ब्लॉक संपायच्या आत मी घरात जाहीर केलं, ''यंदा तारकर्लीला देवमासा पाहायला जायचं!''

ही कल्पना मी वाचनातून उचलली होती. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते, तेही पिल्लासकट. 'पिल्लासकट' हा शब्द हिने नेमका पकडला. बारावी झालेली आमची पिंकी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बोलणं व्हायचं ते फक्त बॅगेविषयी.

बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला गाडी धरली, मुंबईला बदलली, कुडाळला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होडीत बसलो. पोहण्याचा माझा अनुभव विहिरीच्या काठापर्यंतचा. लाइफ जॅकेटचे पट्टे मी तीनतीनदा तपासले. नोटा मोजायची सवय, दुसरं काय!

''देवमासा कुठे हो, भाऊ?''

नावाडी हसला. ''देवमासो लांब, खोल पाण्यात. हंयसर डॉल्फिन गावतले.'' आणि त्याने इंजिन बंद केलं.

एवढ्यात पाण्यातून एक करडी पाठ वर आली. पाठीवर चक्क कुबड! वीस वर्षं काउंटरवर वाकून बसलेल्या माणसाला ते कुबड ओळखीचंच वाटलं. हा हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो. दिसतो माशासारखा, पण वाढतो आईच्या दुधावर, आणि श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. तिच्या कुशीला लागून एक पिल्लू होतं. आई वर आली की तेही वर, आई बुडाली की तेही गडप.

''चार आहेत!'' मी ओरडलो.

''दोनच,'' ही म्हणाली. फेरमोजणी झाली. हिचीच बरोबर निघाली. घरीसुद्धा हिचीच निघते.

''किती दिवस राहते हो पिल्लू मायपाशी?'' हिने विचारलं.

''रवता तीन-चार वर्सां. मगे आपला आपण जाता.''

होडीत कुणीच बोललं नाही. मग पिंकी म्हणाली, ''बघ आई, मी तर अठरा वर्षं राहिले. व्याजासकट!'' शेवटी पोर बँकवाल्याची!

ही हसली, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. ''वाऱ्यानं खारं पाणी उडतंय,'' म्हणाली.

वारा केव्हाच पडला होता. पण तसं बोलून दाखवण्याच्या स्थितीत मी नव्हतो, मी चष्मा पुसत होतो. आम्ही लोणारच्या जिल्ह्यातली माणसं. खाऱ्या पाण्याची आम्हाला सवय आहे.