आधी पायवाट, मग हमरस्ता

बोफोर्स म्हटले की आपल्याला तोफ आठवते. 1986 चा करार, त्यावरून उठलेला गदारोळ आणि पुढे 1999 मध्ये कारगिलच्या डोंगरांवर धडधडलेली तीच तोफ. पण बोफोर्स हे मुळात एका लोखंडाच्या कारखान्याचे नाव. 1646 साली सुरू झालेला हा कारखाना स्वीडनमधल्या कार्लस्कूगा या गावातला. तीसेक हजार वस्तीचे हे शहर स्टॉकहोमच्या पश्चिमेला एका मोठ्या तलावाच्या काठी वसलेले आहे. नोबेल पारितोषिकवाले आल्फ्रेड नोबेल यांनी 1894 मध्ये हा कारखाना घेतला आणि शेवटच्या वर्षांत ते उन्हाळ्यात इथे राहत. त्यांचा पांढरा बंगला आता संग्रहालय आहे. नोबेल यांचे खरे घर कोणते, पॅरिसचे की इथले, असा वाद त्यांच्या मृत्युपत्रावरून झाला. तेव्हा त्यांचे घोडे इथल्या तबेल्यात होते ही गोष्ट कामी आली, असे गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात.

मी मात्र तोफा किंवा घोडे पाहायला गेले नव्हते. धाकटी बहीण तिथे राहते. तिच्या बाळंतपणासाठी अम्मी सहा महिने गेली होती, तिला परत आणायला मी जानेवारीत गेले. त्या दिवसांत सूर्य सव्वाआठ-साडेआठला उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. जोहर, असर, मगरिब अशा एकमेकींच्या पाठीला लागून येतात की जानमाज गुंडाळून ठेवायला सवड मिळत नाही. फजरसाठी मात्र आरामात उठता येते.

अशाच एका फजरनंतर, बाहेर अजून काळोख असताना, लोखंड दगडावर घासल्यासारखा आवाज आला. खिडकीतून पाहिले तर एक छोटा ट्रॅक्टर, पुढे तिरका लोखंडी फाळ, डोक्यावर फिरणारा पिवळा दिवा. रात्रभर बर्फ पडला होता. ट्रॅक्टर फुटपाथवरून चालला होता. मागे लावलेल्या पेटीतून बारीक कच जमिनीवर पडत होती. बाजूच्या मोटारींच्या रस्त्यावर चार बोटे बर्फ तसाच होता.

मी बहिणीला विचारले, "रस्ता सोडून हा फुटपाथ का साफ करतोय?"

ती बाळाला टोपी घालत होती. म्हणाली, "आपा, मोटार एवढ्या बर्फातून जाते गं. बाबागाडी ढकलून बघ, म्हणजे कळेल."

त्या एका वाक्यात या शहराचा सगळा हिशेब आहे. पूर्वी कार्लस्कूगातही जगभर चालते तेच चालायचे. बर्फ पडला की यंत्रे आधी मोठ्या रस्त्यांवर जात, मग आतल्या रस्त्यांवर, आणि पायी चालणाऱ्यांचे व सायकलींचे मार्ग सर्वांत शेवटी. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वाहतूक म्हणजे मोटारी, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. 2011 मध्ये नगरपालिकेने ठरवले की आपले प्रत्येक काम स्त्री-पुरुष समानतेच्या नजरेने तपासायचे. तेव्हा एक अधिकारी थट्टेने बोलून गेला की निदान बर्फ काढण्याच्या कामात तरी ही समानतेची मंडळी लक्ष घालणार नाहीत. झाले उलटेच. मंडळींनी नेमके तेच काम तपासायला घेतले. कॅरोलिन क्रियाडो पेरेझ या ब्रिटिश लेखिकेच्या 2019 साली आलेल्या 'इनव्हिजिबल विमेन' या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हा किस्सा आहे.

तपासल्यावर दिसले ते साधेच होते. मोटारीने सरळ कामावर जाऊन सरळ घरी येणाऱ्यांत पुरुष जास्त. पायी, सायकलने आणि बसने जाणाऱ्यांत बायका जास्त. शिवाय बाईचा प्रवास सरळ नसतो. मुलाला बालवाडीत सोडायचे, मग कामावर, येताना दुकान, मग कोणा म्हाताऱ्या नातेवाइकाकडे डोकवायचे. स्वीडनसारख्या देशातही हे असेच आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले आणि, खरे सांगू, थोडे बरेही वाटले. म्हणजे आधी मोठे रस्ते साफ करण्याचा नियम वरवर सर्वांसाठी एकच दिसत होता, पण सकाळी त्याचा फायदा ठरावीक लोकांना मिळत होता.

मग क्रम बदलला. आधी बालवाड्यांच्या आसपासचा भाग, कारण आईवडील कामावर जाण्यापूर्वी तिथेच जातात. मग कामाची मोठी ठिकाणे, आणि त्यात कारखान्यांबरोबर बायका मोठ्या संख्येने काम करतात ती रुग्णालय आणि पालिकेची कार्यालयेही धरली. मग शाळा, मग बाकीचे रस्ते. यंत्रे तीच, माणसे तीच. बर्फ काढायचा तेवढाच, फक्त आधी कुठला आणि नंतर कुठला एवढाच फरक. त्यामुळे खर्चही वाढला नाही.

खर्चाची गोष्ट निघाली तर तिची दुसरी बाजू रुग्णालयात आहे. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ शहरातल्या एका अभ्यासात पायी चालणाऱ्यांच्या दुखापतींपैकी 79 टक्के हिवाळ्याच्या महिन्यांत झालेल्या आढळल्या. कोणाचा धक्का नाही, कोणते वाहन नाही, आपले आपणच पडून जखमी झालेल्यांत 69 टक्के बायका होत्या. घसरून पडणे ऐकायला किरकोळ वाटते, पण मनगट, खुबा, घोटा मोडतो. खुबा मोडलेली सत्तरीतली बाई पूर्वीसारखी उठून चालेलच असे नाही. हा खर्च रस्त्याच्या खात्यात दिसत नाही, आरोग्याच्या खात्यात दिसतो. म्हणून रस्तेवाल्यांना तो वर्षानुवर्षे दिसलाच नव्हता.

बर्फ काढणे म्हणजे नुसते ढकलणे असे मला वाटायचे. पण ताजा भुरभुरीत बर्फ फारसा घातक नसतो. घातक असतो तो दुपारी थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा, ओळखू न येणारा. मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात, पण पारा उणे सहा-आठच्या खाली गेला की मिठाचा फारसा उपयोग होत नाही. पायवाटांवर कच पसरतात. तिने बर्फ वितळत नाही, पायाला पकड मिळते. वर नवा थर पडला की पुन्हा कच. अनेक गावांत घरापुढच्या फुटपाथची जबाबदारी घरमालकावर असते, म्हणून सकाळी दारोदारी फावड्यांची खरखर ऐकू येते. आणि सगळे काही आनंदीआनंद आहे असेही नाही. फाळ बर्फ बाजूला लोटतो तेव्हा त्याचा गुडघाभर बांध नेमका लोकांच्या फाटकात उभा राहतो. आत्ताच साफ केलेल्या फाटकात पुन्हा फावडे मारणाऱ्या एका शेजाऱ्याचे पुटपुटणे मी ऐकले. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे. स्टॉकहोमनेही पायी चालणाऱ्यांना आधी मान देणारी योजना घेतली. नोव्हेंबर 2016 मध्ये तिथे इतका बर्फ पडला की शंभराहून अधिक वर्षांत त्या महिन्यात तसा पडला नव्हता. बसगाड्या थांबल्या, शहर ठप्प झाले आणि लोकांनी बोट दाखवले ते समानतेच्या बर्फसफाईकडे. वृत्तपत्रांत भरपूर चेष्टा झाली. पण त्या दिवशी पायवाटाही साफ झालेल्या नव्हत्या. नवा क्रम नीट अमलात आलाच नव्हता, तर तो फसला असे कसे म्हणायचे? तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. तयारी अपुरी असेल तर नुसता क्रम बदलून भागत नाही. शिवाय मोटारींचे रस्ते फार वेळ तुंबले तर रुग्णवाहिका आणि बसही अडकतात, आणि बसमध्ये पुन्हा बायकाच जास्त.

रस्त्यातून इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणी मदरशात शिकतो. काटा, दगड, काच एवढेच तेव्हा डोळ्यांसमोर असायचे. कार्लस्कूगात फिरताना मनात येत राहिले की इजा कोणाला होते हे आधी पाहिल्याशिवाय ती वस्तू सापडतच नाही. मोटारीत बसलेल्याला चार बोटे बर्फ ही इजा वाटत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. माझ्या शाळेच्या रस्त्याचे डांबरीकरण दोनदा झाले. पण मुली ज्या कडेने चालत येतात तिथे जुलैत अजूनही घोट्याएवढा चिखल असतो आणि त्यांच्या सलवारी गुडघ्यापर्यंत भरतात.

अम्मी पहिले दोन महिने घराबाहेर पडली नव्हती. पडले तर इथे परक्या मुलखात कोण करणार, हीच धास्ती. मग बहिणीने तिला बुटांना खालून लावायचे रबरी पट्टे आणून दिले, त्यांना बारीक खिळे असतात. काही नगरपालिका म्हाताऱ्या माणसांना ते फुकट वाटतात. मी होते तेव्हा अम्मी रोज जोहरनंतर बाळाची बाबागाडी धरून बालवाडीच्या कोपऱ्यापर्यंत जायची. बाबागाडी हाच तिचा आधार. कचेवरून चाकांचा करकर आवाज यायचा. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत असायची, दुरूद असावा. तिथून पुढचा रस्ता अजून साफ झालेला नसला की थांबायची, ट्रॅक्टरवाल्याकडे पाहून मान हलवायची आणि मागे वळायची. तोही हात वर करायचा.

आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघालो. एप्रिलमध्ये बहिणीने व्हिडिओ पाठवला. बर्फ गेला आहे, फुटपाथवर करड्या कचेचा थर उरला आहे आणि गोल ब्रश लावलेली गाडी ती गोळा करत चालली आहे. सायकली पंक्चर होतात आणि धूळ उडते म्हणून ती उचलावी लागते. अम्मीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग विचारले, "मोठ्या रस्त्याची उचलली का आधी?"